फुलवाती

दर रविवारी सकाळी नवरा डायनिंग टेबलावर टॉवेल पसरून आपला व्हेप, ती वाफेची ई-सिगारेट, साफ करतो. तोंडाला लावायचा भाग काढून आतला चिकट थर अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसतो आणि उजेडाकडे धरून बघतो. हायजीन पाळायलाच हवं, असं मलाच ऐकवतो. स्वतःचा चहाचा कप त्याने अकरा वर्षांत एकदाही विसळलेला नाही.

दसऱ्याला निरांजन लावायला गेले, तर सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेला फुलवातींचा डबा रिकामा.

"टोक बारीक असतं यार, कोपऱ्यात मस्त जातं," तो म्हणाला.

व्हिडिओ कॉलवर मी सासूबाईंना वाती संपल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे तिकडेही रोज देवापुढे दिवा लागतो तर."

शेजारी बसलेला नवरा म्हणाला, "लागतो ना, आई." मी रिकामा डबा कॅमेऱ्याबाहेर सरकवला.

महिन्याभराने पार्सल आलं. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी त्यांनी डबाभर वाती वळल्या होत्या. नवऱ्याने त्यातली एक उचलली, चिमटीत फिरवून पाहिली.

"या वेळी आईने छान घट्ट वळल्यात," तो म्हणाला आणि डबा टॉवेलशेजारी ठेवला.