साळवे सरांची गाठींची दोरी

दानिएल साळवे सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मांजरसुंब्याला बीडच्या एसटीची वाट बघत उभा होतो. दवाखान्यात त्यांनाच भेटायला निघालो होतो. पिशवीत त्यांच्या अक्षरातले चार कागद होते. वीस वर्षांनी ते परत करायचे आणि माफी मागायची, असं घरून ठरवून निघालो होतो. "काका, पप्पा गेले," त्यांची मुलगी म्हणाली. तेवढ्यात एसटी आली. मी चढलोही... पण आता माफी कुणाची मागणार?

नांदूरघाटच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी इतिहास. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकच. शाळेच्या विहिरीला पाणी किती, यावर आम्ही मास्तर मंडळी ओट्यावर बसून छातीठोक आकडे सांगायचो. सर मात्र उठायचे, हातहातभर अंतरावर गाठी मारलेली, टोकाला दगड बांधलेली दोरी विहिरीत सोडायचे आणि वर ओढून ओल्या गाठी मोजायचे. रोज सकाळी, सुट्टीतसुद्धा. मी चिडवलं की म्हणायचे, "बसल्या जागी कळतंय व्हय? सोडून बघा की!"

एका वर्षी शाळेच्या अंकात मी लेख लिहिला, की धर्म हा विज्ञानाचा कायमचा वैरी. सरांनी चार पानी उत्तर दिलं. संपादक मीच. जागा नाही म्हणून ते बाजूला ठेवलं. जागा होती हो... मला उत्तर सुचत नव्हतं. त्यांनी एकदाच विचारलं, "माझे कागद हायती ना?" मी म्हणालो, "आहेत." "मग असू द्या," म्हणाले, आणि चहा सांगितला. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

त्यांनी लिहिलं होतं, की जग एका शहाण्या कर्त्यानं घडवलं, म्हणून त्यात नियम असणारच, असा युरोपातल्या कितीतरी जुन्या ख्रिस्ती अभ्यासकांचा भरवसा होता. पण तो कर्ता स्वतंत्र. त्यानं कोणता नियम निवडला, हे नुसत्या डोक्यातून काढता येत नाही. जाऊन बघावं लागतं. आणि सूर्य-चंद्र ही त्याची निर्मिती, ते स्वतः देव नव्हेत; म्हणून त्यांना मोजायची भीती नाही. ग्रीकांचं, अरबांचं ऋण त्यांनी मान्य केलं होतं, चर्चनं शोधकांना छळलं हेही लपवलं नव्हतं. मी माझ्या लेखात तेवढा छळच घेतला होता. ती दोरी ते रोज का सोडत, हे मला ते कागद नीट वाचल्यावर कळलं, आणि तोवर फार उशीर झाला होता.

गेल्या आठवड्यात शाळेत गेलो. आता वाद घालायला कुणी नाही, आणि मला फार एकटं वाटतं. प्रयोगशाळेच्या खुंटीवर दोरी तशीच होती. ओट्यावर बसून मनाशी अकरा गाठी धरल्या, मग उठून दोरी सोडली. ओल्या निघाल्या नऊ.

"चुकलो, सर," मी मोठ्यानं म्हणालो. मग ते टाकायचे तशी दोरी कठड्यावर वाळत टाकली आणि ती वाळेपर्यंत तिथंच बसून राहिलो.