बिनखडीची बाजू

हालाकोस्कीत ऑक्टोबरच्या शेवटी बर्फ पडतो आणि मे उजाडेपर्यंत हलत नाही. पहिल्या दिवशी दुकानात भेटणारा प्रत्येक जण "आला एकदाचा" एवढंच म्हणतो. मग तक्रारी सुरू होतात. बर्फ फार पडतो, नाहीतर पुरेसा पडत नाही. पडला तर ओला पडतो. बर्फ लोटणारा ट्रॅक्टर भल्या पहाटे येऊन झोपमोड करतो, किंवा नऊ वाजले तरी येत नाही. आणि आला की रस्त्यावरचा सगळा बर्फ नेमका आपल्याच फाटकात लोटून जातो. गावच्या साप्ताहिकात या तक्रारींसाठी एक अख्खं पान असतं. फोनवरून दोन ओळी पाठवायच्या, खाली "गारठलेला करदाता" किंवा "पाठ मोडलेली" असं काहीतरी टोपणनाव घालायचं, की गुरुवारी छापून येतं. तोंडावर कुणी कुणाला फारसं बोलत नाही. त्या पानावर मात्र सगळं गाव बोलतं.

साइमा मोइलानेन त्या पानावर पूर्ण नावानिशी लिहायची.

"नाव लपवायला मी काय चोरी केलीय?" ती म्हणायची.

साइमाने एकतीस वर्षं शाळेत स्वयंपाक केला. गावातली चाळिशी-पन्नाशीची सगळी माणसं तिच्या हातचं वाटाण्याचं सूप खाऊन वाढलेली, आणि त्यांतल्या निम्म्यांना ते आवडायचं नाही, हेही तिला ठाऊक होतं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगी रित्वा दूर टांपेरे शहरात. टेकडी रस्त्याच्या वरच्या टोकाला साइमाचं पिवळं लाकडी घर होतं आणि दुकान दीड किलोमीटर खाली. हे अंतर ती हिवाळाभर घसरगाडीवर कापायची. दोन लांब पोलादी पट्ट्या, त्यांवर पुढे एक लाकडी खुर्ची, मागे धरायला दांडा. एक पाय पट्टीवर ठेवायचा, दुसऱ्याने मागे रेटा द्यायचा. खुर्चीत पिशवी बसवायची. तिचा उजवा बूट खिळ्यांचा आणि डावा साधा असायचा, कारण रेटा उजव्या पायानेच द्यायचा. खाली जाताना तिला सहा मिनिटं लागायची. वर येताना पाऊण तास लागायचा, पण त्याबद्दल ती बोलायची नाही.

घसरगाडीला दाबून घट्ट झालेला, साफ बर्फ लागतो. आणि नगरपालिका रस्त्यावर खडी टाकायची.

खडी टाकायचं काम ओइवाकडे होतं. पन्नाशीचा, जाडजूड, कमी बोलणारा माणूस. पारा शून्याच्या वर जाऊन पुन्हा खाली आला, की रस्त्याची काच होते, आणि मग ओइवा ट्रॅक्टरच्या मागून बारीक खडी उडवत टेकडी चढायचा. एका फेब्रुवारीत साइमा दुकानातून निघाली तेव्हा रस्ता साफ होता. वळणावरच्या छोट्या उतारावर आली तेव्हा ओइवा नुकताच गेलेला होता. पोलादी पट्ट्या खडीवर करकरल्या, गाडी जागच्या जागी थांबली आणि साइमा तेवढी पुढे गेली, खुर्चीवरून, पिशवीसकट. तिला काही झालं नाही. अंडी फुटली.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रॅक्टर अडवला. रस्त्याच्या मधोमध घसरगाडी आडवी लावून ती उभी राहिली. ओइवाने काच खाली केली.

"साइमाबाई, बाजूला व्हा."

"नाही होत. कालची अंडी कोण देणार?"

"मला वरून सांगतात तसं मी करतो."

"वरून म्हणजे देवाने सांगितलं का तुला?"

"तांत्रिक विभागाने."

"अरे, पण बर्फावर दगड कशाला? सगळा हिवाळा चांगला रस्ता असतो, आणि तू येऊन त्याचा माळ करतोस!"

ओइवाने थोडा विचार केला. "आणि लोक पडतात त्याचं काय?"

"मीही पडलेच की!"

ओइवाने काच वर केली. तो ट्रॅक्टर मागे घेऊन दुसऱ्या रस्त्याने गेला. त्या दिवशी टेकडी रस्त्यावर खडी पडली नाही, आणि त्यामुळे हेल्वी चिडली.

हेल्वी रस्त्यापलीकडे, समोरच्याच घरात राहायची. दोघी एका वर्गातल्या. हेल्वीचा एक गुडघा बदललेला होता आणि ती चाकांचा वॉकर घेऊन चालायची. साफ बर्फावर वॉकरची चाकं वाटेल तिकडे पळतात. तिला खडी हवी होती. त्या गुरुवारी पानावर छापून आलं: "एका व्यक्तीच्या खेळापायी आम्ही घरात कोंडून घ्यायचं का? — खिडकीतून बघणारी." साइमाने पुढच्या आठवड्यात उत्तर दिलं: "खेळ नाही, वाहन आहे. आणि खिडकीतून बघणारीने पडदे धुवावेत. — साइमा मोइलानेन."

हे दोन हिवाळे चाललं. गावात दोन तट पडले. घसरगाडीवाले आणि वॉकरवाले, म्हातारे दोन्हीकडे सारखेच. शेवटी नगरपालिकेने शाळेच्या जेवणघरात सभा बोलावली. कॉफी होती, वेलदोड्याचे गोड पाव होते, म्हणून लोकही आले.

"माझ्या दोन गुडघ्यांतला एक सरकारने बसवलाय," हेल्वी उठून म्हणाली. "तो मोडला तर पुन्हा सरकारलाच बसवायला लागेल. खडी त्याहून परवडेल."

"मी शाळेत चारशे मुलांना जेवू घातलं ते घसरगाडीवरून कामाला जाऊन," साइमा म्हणाली. "तेव्हा रस्त्यावर दगड नव्हते आणि कुणी मेलंही नाही."

"दोघं मेले," मागून कुणीतरी म्हणालं.

"ते दारूने."

दीड तासाच्या चर्चेनंतर नगरपालिकेच्या अभियंत्याने तोडगा काढला. टेकडी रस्त्याच्या उजव्या बाजूला खडी, डावी बाजू बिनखडीची. साइमाचं घर डाव्या बाजूला होतं. लोक त्या बाजूला "साइमाची पट्टी" म्हणू लागले, आणि तिने ते नाव कुणाला बदलायला सांगितलं नाही. हेल्वी उजव्या बाजूने चालायची, साइमा डावीकडून सरकत जायची. समोरासमोर आल्या तर माना हलवायच्या. एवढंच.

पट्टीच्या तिसऱ्या हिवाळ्यात, नोव्हेंबरच्या शेवटी, दोन दिवस पाऊस पडला आणि तिसऱ्या सकाळी पारा उणे नऊवर उतरला. साइमा पेपर आणायला बाहेर पडली आणि स्वतःच्याच पायरीवरून घसरली. पायऱ्यांवर खडी नव्हती. घरात खडी ठेवायची नाही हा तिचा तत्त्वाचा प्रश्न होता. टपालवाली येईपर्यंत वीस मिनिटं ती तिथेच पडून राहिली. थंडी तिला फारशी जाणवली नाही. हेल्वीच्या खिडकीचा पडदा हलतो का, एवढंच ती बघत होती. तो हलला नाही. हेल्वी त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती.

उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. जिल्ह्याच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, आत एक लांब स्क्रू बसवला. रित्वा टांपेरेहून आली आणि पलंगाशेजारी बसून राहिली.

"आई, आता तू माझ्याकडेच चल. लिफ्ट आहे, खाली दुकान आहे."

"तुमच्याकडचा बर्फ काळा असतो."

"निदान तो उचलायला माणसं तरी आहेत!"

"तेच म्हणतेय मी. बर्फ उचलून नेतात म्हणजे काय? मग हिवाळा कशाला म्हणायचं?"

रित्वाने तो विषय पुन्हा काढला नाही. आई घरी परतली त्या दिवशी तिने पायऱ्यांना कठडा लावून घेतला, खडीची बादली दाराशी ठेवली आणि परत गेली. साइमाने बादली शेडमध्ये नेऊन ठेवायला शेजाऱ्याला सांगितलं.

इस्पितळाने साइमाला दोन वस्तू दिल्या होत्या: एक चाकांचा वॉकर आणि खाली न वाकता वस्तू उचलायचा लांब चिमटा. जानेवारीभर ती घरात चालली. दुकानातलं सामान आठवड्यातून एकदा घरपोच यायचं, पण दूध नासायचं आणि पाव नको तो यायचा. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी, उणे सहा तापमानात, स्वच्छ उन्हात, ती वॉकर घेऊन फाटकाबाहेर आली.

समोर पट्टी होती. ओइवाने ती चांगली राखली होती. ट्रॅक्टरच्या पात्याने घासून गुळगुळीत, निळसर झालेली. साइमाने वॉकर पुढे टाकला. चाकं आडवी निघाली. ती मागे सरकली आणि तिने फाटकाचा खांब धरला. खडी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होती, पाच-सहा मीटरवर.

ती तशीच उभी होती तेव्हा हेल्वी आपला वॉकर ढकलत पलीकडच्या खडीवरून आली आणि थांबली.

"काय गं, काय बघतेयस?"

"रस्ता बघतेय."

"सुंदर आहे ना?"

"आहेच."

"तूच मिळवलास."

"माहितेय मला. तू जा तुझ्या वाटेने."

हेल्वी चार पावलं गेली आणि पुन्हा थांबली. तिलाही ही पट्टी ओलांडून इकडे येणं शक्य नव्हतं, हे दोघींनाही दिसत होतं.

"दुकानातून काय आणू?" हेल्वीने विचारलं.

"दूध. आणि राय धान्याचा पाव. गोल, भोकाचा, चौकोनी नको."

दोन तासांनी हेल्वी परतली तेव्हा साइमा पुन्हा बाहेर येऊन अंगणातल्या बाकावर बसली होती. ती उठून फाटकाशी आली. हेल्वीने पाव फेकला. तो खांबाला लागून साइमाच्या पायाशी पडला.

"दूध फेकू नकोस!"

"मी काय वेडी आहे?"

हेल्वीने वॉकरला धरून, दुखऱ्या गुडघ्याला शिव्या देत, दुधाचं खोकं हळूच बर्फावर ठेवलं आणि पायाने ढकललं. खडीवर ते अडखळलं. दुसऱ्यांदा तिने बुटाने जोर लावला. खोकं पट्टीवर आलं आणि सरळ रेषेत, अजिबात न डगमगता, सरकत साइमाच्या वॉकरच्या चाकाला येऊन टेकलं.

"बघ," साइमा म्हणाली, "झाला की नाही पट्टीचा उपयोग!"

हेल्वी इतकी हसली की तिला वॉकरच्या सीटवर बसावं लागलं. साइमाने चिमट्याने आधी पाव उचलला, मग दूध. दूध दोनदा निसटलं. हेल्वी बसून ते सगळं बघत होती आणि मधून मधून "डावीकडे, डावीकडे" असं सांगत होती.

दुसऱ्या सकाळी साइमाने चुलीतली राख बादलीत भरली, ती वॉकरच्या टोपलीत ठेवली आणि फाटकापासून पलीकडच्या खडीपर्यंत दीड मीटर रुंद वाट केली. एक मूठ टाकायची, एक पाऊल पुढे. एका तासात ती रस्ता ओलांडून गेली. मग दुकानात जाऊन दूध घेऊन आली.

गुरुवारी पानावर छापून आलं: "बिनखडीच्या बाजूवर कुणीतरी राख टाकतंय. माझी घसरगाडी अडकून मी तोंडावर पडता पडता वाचलो. टाकणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. — सरळ जाणारा."

पुढच्या गुरुवारी त्याखाली उत्तर होतं: "राख मी टाकली. यापुढेही टाकणार. पट्टी मीच मागितली होती, तेही खरं. दोन्ही कसं जमवायचं ते नगरपालिकेने ठरवावं. मी सत्याहत्तर वर्षांची आहे. — साइमा मोइलानेन, टेकडी रस्ता."

हे वाचून गाव बरेच दिवस हसलं. तिच्या तटातल्या काही लोकांनी मात्र तिच्याशी बोलणं सोडलं. दुकानात एक जण तिला म्हणाला, "स्वतःचं हाड मोडल्यावर सुचलं होय?" "हो," साइमा म्हणाली, "त्याआधी कसं सुचणार होतं?" तो माणूस मासे बघायला गेला.

तांत्रिक विभागाने प्रश्न अभ्यासाला घेतला आणि तो तिथेच राहिला. ओइवाने कुणालाच विचारलं नाही. एका सकाळी तो फावडं घेऊन ट्रॅक्टरवरून उतरला आणि टेकडी रस्त्यावर तीन ठिकाणी पट्टीवर आडवी वाट खडीने आखली, दोन्ही बाजूंना लाल काठ्या रोवल्या. पहिली वाट साइमाच्या फाटकासमोर होती. साइमाने बाहेर येऊन ती मापली.

"अरुंद आहे."

"वॉकर जातो त्यातून. मी मोजलंय."

"हेल्वीचा जातो. माझा रुंद आहे."

ओइवाने फावड्याने अर्धा मीटर खडी आणखी पसरली.

"तुझ्या ताटात मी नेहमी सूप जास्त वाढायचे," साइमा म्हणाली.

"माहितेय," ओइवा म्हणाला. "मला ते संपवावं लागायचं." आणि तो ट्रॅक्टरवर चढला.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना साइमा पुन्हा घसरगाडीवर उभी राहिली. आता रेटा डाव्या पायाने द्यायचा होता, म्हणून खिळ्यांचा बूट डाव्या पायात गेला. प्रत्येक आडव्या वाटेशी तिला उतरून गाडी उचलावी लागायची. ती दर वेळी उतरायची, दर वेळी बडबडायची. असे आणखी दोन हिवाळे गेले. मग खुबा दुखायला लागला आणि तिने घर विकून गावाच्या मध्यावर, वृद्धांसाठी बांधलेल्या इमारतीत एक खोली घेतली.

त्या इमारतीच्या अंगणाखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत. बर्फ पडतो आणि पडता पडता वितळतो. आत येणाऱ्या वाटेवर हिवाळाभर ओलं, काळं डांबर असतं. साइमाने पहिल्याच महिन्यात व्यवस्थापकाकडे तक्रार केली, की बूट भिजतात, सगळं उदास दिसतं आणि जानेवारीत अंगण ऑक्टोबरसारखं दिसणं बरोबर नाही. व्यवस्थापकाने ती तक्रार नोंदवून घेतली. इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपासून सॉनापर्यंतच्या तुकड्यात, नळ्या घातलेल्या नाहीत. साइमा रोज जेवणानंतर तिथे वॉकर घेऊन चार फेऱ्या मारते.

पुढच्या शरदात हेल्वीही तिथे राहायला आली. तिला रस्त्याकडची खोली मिळाली, साइमाला अंगणाकडची. बर्फ कुणाला जास्त दिसतो यावरून त्या हिवाळ्यात दोघींचं बरंच वाजलं.