माझ्या उदासीचं गाऱ्हाणं

आई गेल्यापासून मला देवापुढे हात जोडताना राग यायचा. घोडपदेवच्या आमच्या चाळीत कुणीही "कशी आहेस गं?" विचारलं की मी "मजेत!" म्हणायची आणि दार लावून रडायची. वर्ष उलटलं तरी रडणं थांबेना. भात करपायचा, मुलीचं बोलणं कानात शिरायचंच नाही. शेवटी ह्यांनी परळच्या एका मनाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा जिन्यातूनच परतले. ओळखीचं कुणी पाहिलं तर? घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर नव्हत्या." जिन्याचं मी कुणालाच बोलले नव्हते.

माघात चाळीची सत्यनारायणाची पूजा झाली. आम्ही बहुतेक कोकणातले, त्यामुळे पूजेनंतर गाऱ्हाणं आलंच. एकाने नारळ धरून प्रत्येकाचं मागणं देवाला मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. नेहमीच्या काकांचा घसा बसला होता, म्हणून कुणाकडे तरी गावाहून आलेले एक आजोबा उभे राहिले. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. माझी पाळी आली. मुलीची दहावी मागायची ठरवलं होतं, पण तोंडातून हळूच निघालं, "आजोबा, मला सारखं रडू येतं. डॉक्टरकडे जायचंय."

झालं! आजोबांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला असेल.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या मनावर जा काय मळभ इला असात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी चाळ ओरडली.

"डाक्टराच्या हाताक यश दी, गोळयेक गुण दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जिन्यावरसून ती माघारी फिरली, तर तिका परत वर धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. लाजेने मेल्यासारखं झालं, आणि किती महिन्यांनी कोण जाणे, मला खदखदून हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सावंत वहिनी दारात हजर. "काल घसा फोडून 'व्हय म्हाराजा' म्हटलंय मी. आता तू नाय गेलीस तर देवाकडे माझी काय इज्जत राहील? चल, चप्पल घाल!" त्या जिन्यात वहिनी माझ्या मागून चढल्या, परतायची सोयच ठेवली नाही. वर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "माझी बहीण इथेच बरी झाली."

आजोबांना जिन्याचं कसं कळलं, ते विचारायचं राहूनच गेलं. ते गावी परतले होते. कदाचित त्या जिन्यातून सगळेच एकदा माघारी फिरत असतील. मी खोलात शिरत नाही.

औषध चालू आहे, डॉक्टरीणबाईंशी बोलणंही चालू आहे. आईची आठवण आली की अजून रडते, पण आता दार उघडं असतं. देवावर भार टाकायचा म्हणजे मुकाट्याने सोसायचं, असं मला वाटायचं. त्याने तर माझं दुःख चारचौघांत वाटून टाकलं. रोज रात्री मी गोळी हातात घेते, देवाकडे बघते, आणि आतल्या खोलीतून मुलगी ओरडते, "व्हय म्हाराजा!"