जिनिंगची दिंडी

धरणगावच्या जिनिंगचं अवाढव्य फाटक कापसाच्या गाड्यांसाठीच उघडायचं. माणसांसाठी त्याच फाटकात एक बुटकी दिंडी होती. बापाचा डबा घेऊन शाळकरी सुकदेव तिथून वाकूनच आत शिरायचा, नाहीतर चौकट टाळक्यात बसायची.

जिनिंग बंद पडलं, फाटक भंगारात गेलं. आता तिथं ग्रीन काहीतरी नावाची, एकही झाड नसलेली कॉलनी आहे. साठी ओलांडलेले सुकदेव नाना तिथंच पाण्याचे जार पोचवतात. रस्ता ऐसपैस मोकळा, तरी त्या जागी आले की नाना वाकतातच.

"नाना, रोज इथंच का वाकता? कंबर दुखते का?" पहिल्या बंगल्यातल्या पुनमनं विचारलं.

या पोरीला कुठून सांगायला सुरुवात करायची? नानांनी जार खाली ठेवला.

"हाव माय, कंबर दुखस."