चोवीस टॅब आणि गुरुवारचा तास

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले. पण कुणी एखादी आठवण सांगा म्हटले, की मला आधी आठवते ती सेलूतल्या एका नगरपालिका शाळेतली चोरी.

त्या शाळेला प्रयोगशाळा नव्हती. म्हणून एका संस्थेने चोवीस टॅब दिले. दर गुरुवारी पुण्याहून एक शास्त्रज्ञ त्यांवर आठवीच्या मुलींना थेट प्रयोग दाखवणार होते. मुख्याध्यापकांना मात्र वाटप मोठ्या पाहुण्यांच्या हस्तेच हवे होते आणि पाहुण्यांची तारीख काही मिळेना. जूनमध्ये आलेले खोके जानेवारीपर्यंत कपाटात पडून राहिले. अखेर मंडप पडला, हार आले, पाहुण्यांनी पहिला खोका उघडला आणि आतून निघाली जुनी पाठ्यपुस्तके! चोवीसही खोक्यांत तेच.

मुख्याध्यापक मंडपातून थेट ठाण्यात आले. फिर्याद नोंदवून मी शाळेत गेलो. कपाटाचे कुलूप शाबूत होते. कुलूप शाबूत असले की पोलिसाची नजर आधी शाळेच्या शिपायावर जाते, माझीही गेली. त्याला दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसवून घेतले.

“साहेब, आमी घंटा वाजविनारी मानसं,” तो पुन्हा पुन्हा सांगत होता. “चावी सरापाशी अन् विज्ञानाच्या बाईपाशी ऱ्हाती. मला काय म्हाईत?”

तो खरे बोलत होता. मी ऐकून घेतले नाही, याची आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदाराने आमच्या हवालदाराला खबर दिली. एक मुलगी टॅबची फुटलेली काच बदलायला आली होती आणि टॅबच्या पाठीवर शाळेचे नाव होते. तेव्हा कुठे मी विज्ञानाच्या बाईंना बोलावले. चौकशीची चांगली तयारी करून बसलो होतो, ती वायाच गेली.

“मीच नेलेत,” बाई खुर्चीवर बसायच्या आत म्हणाल्या. “उद्घाटनाची वाट बघण्यात पोरींचं वर्ष चाललं होतं. दिवाळीनंतर एकेकीला घरी देऊन टाकले. दर गुरुवारी दुपारी शाळा सुटली की पुण्याच्या तासाला सगळ्या समाजमंदिरात बसतात. नेट तिथंच येतं.”

“मग मुख्याध्यापकांना सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर पुन्हा कपाटात गेले असते, साहेब.”

मी हवालदाराला पंच बोलवायला पाठवले.

तो गुरुवारच होता. दोन पंच घेऊन आम्ही साडेतीनला समाजमंदिरात पोहोचलो. तास नुकताच सुरू झाला होता. मुलींनी गावाजवळच्या धरणाचे पाणी बाटलीत भरून पुण्याला पाठवले होते आणि त्यातला थेंब त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणार होता. कापसाच्या जिनिंग कारखान्यात काम करणाऱ्या एका मजूर बाईची मुलगी उठून माझ्यापुढे आली.

“साहेब, आमचंच पानी हाय ते. आता दावायलेत. एवढं बघू द्या, मग न्या की.”

पंच घड्याळाकडे पाहत होते. मी हवालदाराला टॅब बंद करायला सांगितले. पोरगी रडली नाही. तिने टॅब पुसून माझ्या हातात दिला.

बाईंचा हेतू अप्रामाणिक नव्हता, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि त्यांची नोकरी वाचली. टॅब मात्र लाखेचे सील लागून मुद्देमालाच्या खोलीत गेले. ते परत मिळावेत म्हणून शाळेने अर्ज करायचा असतो. मुख्याध्यापक वरिष्ठांच्या पत्राची वाट पाहत राहिले आणि मीही त्यांच्या मागे लागलो नाही. टॅब सुटले तेव्हा त्या मुली दहावीत गेल्या होत्या आणि पुण्याचा वर्ग बंद पडला होता.

चोवीसच्या चोवीस टॅब हस्तगत केले म्हणून मला शाबासकी मिळाली होती. तेव्हा ती मी आनंदाने घेतली. आता वाटते, नियम पाळताना समोरच्याचे काय हिरावले जाते, एवढे तरी पाहायला हवे होते. त्या दिवशी तासभर थांबलो असतो, तर पंचनाम्यात साडेतीनऐवजी साडेचार लिहावे लागले असते. माझे तेवढेच बदलले असते.