दातानं ऐकणारे गौसभाई

गौस शिकलगार यांचा डावा कान पंधरा वर्षांपूर्वी गेला आणि उजवाही त्याच्या मागोमाग निघाला, हे आमच्या कारखान्यात फक्त मला माहीत होतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचा ओतकामाचा कारखाना. मी तिथं स्टोअरला, आणि गौसभाईंचं काम बारा गिअरबॉक्सना तेल घालायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरची लाकडी मूठ ते दातात धरायचे, टोक गिअरबॉक्सला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. तेल कमी पडलं की आतली चाकं करकरतात. ती करकर दातांवाटे थेट त्यांच्या कवटीत उतरायची. कान हवेत कुणाला?

त्यातला चार नंबर जुना, गळका, रोज तेल पिणारा, म्हणून लाडका. तेल ओतून झालं की त्याच्या पाठीवर थाप मारून गौसभाई म्हणायचे, "खा लेका, पोटभर खा." मग बाकीच्या अकरांनाही तोच आशीर्वाद. बहिरा माणूस हळू बोलत नाही, त्यामुळं तो गेटवरच्या वॉचमनलाही मिळायचा.

मग सोनल मगदूम ही नवी इंजिनीअर आली. पोरगी हुशार. तिनं प्रत्येक गिअरबॉक्सला एक माईक चिकटवला. कॉम्प्युटर आवाज ऐकणार, तेल पुरेसं असेल तर स्क्रीन हिरवा, नसेल तर लाल. तेल फक्त लाल दिसल्यावर घालायचं. आधी गौसभाई तेल घालत असताना तेलाआधीचा आणि तेलानंतरचा आवाज ऐकत कॉम्प्युटर तीन महिने शिकला.

तेवढ्यात कान तपासणारी गाडी आली. डॉक्टरांनी न वाजवलेल्या शिट्ट्यासुद्धा गौसभाईंनी ऐकल्या आणि सगळ्यांना "व्हय" म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांची बदली कँटीनला झाली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस भाताच्या पातेल्यासमोर उभा राहून रडला. मला फार वाईट वाटलं, पण मी कोण सांगणारा?

इकडं बाराच्या बारा स्क्रीन लाल झाले. काठोकाठ तेल घातलं तरी लाल. सोनलनं शोधून काढलं की तेल घातलं की गौसभाई बोलतात, एवढंच कॉम्प्युटरनं तीन महिन्यांत पक्कं केलं होतं. आशीर्वाद ऐकू आला की पोट भरलं. त्याला पुन्हा पहिलीपासून शिकवावं लागेल, असं ती म्हणाली. पण मॅनेजर विश्वजितसाहेबांना चार दिवसांनी पाहुण्यांना हिरवे स्क्रीन दाखवायचे होते. त्यांनी प्रत्येक गिअरबॉक्सच्या अंगाला एकेक स्पीकर बांधला आणि गौसभाईंचा रेकॉर्ड झालेला आवाज त्यावर लावला.

झालं. दर पाच मिनिटांनी बारा स्पीकर ओरडू लागले, "खा लेका, पोटभर खा." सगळं हिरवंगार. हिरवं असल्यावर तेल घालायचं नाही, हा नियमच होता. पाहुणे आले आणि कौतुक करून गेले. माझ्या स्टोअरमधलं तेलाचं पिंप आठ दिवस सीलबंद राहिलं. मी साहेबांना चिठ्ठी लिहून विचारलं तर उत्तर आलं, स्क्रीनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? मी ती चिठ्ठी फाईलला लावली. त्याची लाज अजून वाटते.

गौसभाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण स्पीकर त्यांना ऐकूच येत नव्हते. पण नवव्या दिवशी मी जेवायला गेलो, तर ते भात वाढायच्या डावाचा दांडा दातात धरून, डाव शेडच्या लोखंडी खांबाला टेकवून उभे. कँटीनचा आणि शेडचा खांब एकच.

"भूपालअण्णा, चार नंबर उपाशी हाय," ते म्हणाले. "किती दिस झालं?"

मी आठ बोटं दाखवली. ते तसेच धावले आणि मी मागून. शेडमध्ये त्यांनी कुणाचा तरी स्क्रू ड्रायव्हर उचलला, दातात धरला आणि चार नंबरला टेकवला. तेवढ्यात त्यावरचा स्पीकर ओरडला, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा गौसभाईंना स्वतःचा आवाज बाहेरून ऐकू आला. ते दचकले. कोण बोलतंय, असं त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्याकडंच बोट केलं.

विश्वजितसाहेब समोरच होते. गौसभाईंनी स्पीकरची वायर उपटली.

"साहेब, कान गेलं ते माझं गेलं," ते म्हणाले. "पर रिकाम्या हातानं मी कुणाला खा म्हटलेलं न्हाय."

मी मागणीच्या चिठ्ठीशिवाय पिंप फोडलं. गौसभाईंनी तेल ओतलं. हळूहळू करकर थांबली, ती आम्हा कानवाल्यांनाही कळली. स्पीकर बंद झाल्यानं स्क्रीन मात्र लालच. सोनलही येऊन थांबली होती, आता गौसभाई बोलतील म्हणून. ते बोलले नाहीत. मग तिनं साहेबांच्या देखत कॉम्प्युटरचं सगळं शिकलेलं पुसून टाकलं.

आता शिकवणी नव्यानं सुरू आहे. पोट खरंच भरलं की नाही हे कॉम्प्युटरला सांगायला कुणीतरी हवं, आणि ते ओळखणारा माणूस एकच, म्हणून गौसभाई परत शेडमध्ये आलेत. अट एवढीच, की माईक चालू असताना तोंड बंद. तोंडात स्क्रू ड्रायव्हर असल्यानं ते सोपं जातं. तेल घालून झालं की सोनल माईक बंद करते आणि हात वर करते. मग गौसभाई चार नंबरला सांगायचं ते सांगतात, तेलानं माखलेला हात त्याच्या पाठीवर ठेवून.