पलंगाखालची रताळी

काकी रताळं विकत घ्यायच्या आधी मोडून बघायच्या. पनवेलच्या बाजारात त्या दिसल्या की भाजीवाले टोपलीवर हात ठेवत. "चीक येतो का बगते," म्हणत त्या शेंडा खुडणार. बोटाला चिकट दूध लागलं तर ताजं, नाहीतर "म्हातारं हाय" म्हणून परत. बहुतेक वेळा परतच. स्वतःच्या शेतात पिकत असताना ही बाई बाजारातली रताळी का मोडते, हे मला कळत नसे. आपलंच चांगलं, याची खात्री करायला असावं.

रोडपालीत त्या माझ्या शेजारच्या दारात राहायच्या, मुलगा-सुनेकडे. त्यांचं रताळं दिसायला अगदी बेंगरूळ. वाकडं, दोन्ही टोकांना निमुळतं, अंगभर केसांसारखी मुळं, आणि वांगी रंगाची साल इतकी पातळ की नखाने निघे. आत मात्र पांढराशुभ्र, पिठूळ गर. "सासूनं दिलेला वेल हाय. बी नाय लागत याला, वेलातूनच वेल," त्या सांगायच्या. गावात तो वेल दुसऱ्या कुणाकडे उरला नव्हता.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुलाने शेत न्हावा शेवा बंदराचे कंटेनर ठेवायला दिलं. भराव पडण्याआधी काकींनी अर्धी टोपली रताळी खणून आणली आणि पलंगाखाली वाळूत ठेवली. उन्हाळ्यात कोंब काढायचे आणि पावसाळ्यात माझ्या माहेरच्या जमिनीत लावायचे, असं आमचं ठरलं होतं.

महाशिवरात्रीला सकाळी काकी देवळात गेल्या. इकडे सुनेने उपासाला ती सगळी उकडली. सासूबाईंना आवडतात म्हणून, बिचारीने.

परत आल्यावर काकींनी पातेलं पाहिलं आणि माझं दार ठोठावलं. मला म्हणाल्या, "रिक्षा कर." बाजारात त्या दिवशी रताळ्यांचे ढीगच ढीग. काकी प्रत्येक ढिगाशी बसून नखाने साल खरवडत होत्या. कुठे गर पिवळा, कुठे साल जाड. "एक तरी आसंल गो," म्हणत त्या पुढच्या ढिगाकडे सरकत होत्या. एका भाजीवाल्याने हाकललं तेव्हा मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. चार रताळी मी आधीच माहेरी का नेली नाहीत?

घरी आलो तर सून रडून लाल झालेली. काकींनी रताळ्यांचं पातेलं पुढ्यात ओढलं.

"एकादं कच्चं राहिलं आसंल," म्हणाल्या आणि एकेक अंगठ्याने दाबून बघू लागल्या. उकळत्या पाण्यातून निघालेल्याला कोंब फुटत नाही, हे आम्हा दोघींपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं.

"काकी, राहू द्या," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही. तळापर्यंत गेल्या. सुनेने फार मन लावून उकडली होती. सगळी मऊ होती.